क्रीडांगणावरील पितृवारसा

सुताराचा मुलगा सुतार व शेतकऱ्याचा मुलगा शेतकरी, ही आपल्या खेड्यांची जुनी रीत. परंतु ज्याने क्रीडांगणावर कीर्ती मिळविली, त्याचा पुत्र त्याच क्रीडांगणावर उतरला, तर त्यास पित्याकडून नेमके काय मिळते?

ऑस्ट्रेलियात फुटबॉलचा एक निराळा प्रकार रूढ आहे. चेंडू लंबगोल, प्रत्येक बाजूस अठरा गडी. ज्या संघासाठी पित्याने किमान १०० सामने खेळले असतील, त्या संघास त्याचा पुत्र घेण्याचा अग्रहक्क तेथील नियमाने मिळतो. गीलाँग संघाचे गॅरी अ‍ॅब्लेट व त्यांचा त्याच नावाचा पुत्र हे याचे प्रसिद्ध उदाहरण होय. ब्राउनलो हे मानाचे पदक पित्यास कधी लाभले नाही; पुत्राने ते २००९ व २०१३ मध्ये मिळविले.

आपल्या क्रिकेटमध्ये असा लेखी हक्क नाही. विजय मांजरेकर १९५१ ते १९६५ या काळात ५५ कसोटी सामने खेळले. ३२०८ धावा व सात शतके त्यांच्या नावावर आहेत. १९८३ साली ते निवर्तले. पुत्र संजय १९८७ साली प्रथम कसोटी खेळला, तेव्हा ते पाहावयास पिता नव्हता. पित्याची सर्वोच्च धावसंख्या १८९. पुत्राने १९८९ साली लाहोर येथे २१८ धावा केल्या. तथापि त्याची एकूण शतके चारच झाली.

याउलट सुनील गावसकरांनी १२५ कसोट्यांत १०,१२२ धावा केल्या. त्यांचे पुत्र रोहन बंगालकडून खेळले व भारतातर्फे ११ एकदिवसीय सामन्यांपर्यंत पोहोचले. कसोटीचे दार त्यांस उघडले नाही. एवढी मजल थोड्यांनाच साधते. तरी पित्याच्या आकड्यांशेजारी ती लोकांस लहान भासते.

यावरून दिसते की, पिता शिक्षण देतो, ओळख देतो, क्वचित प्रवेशही देतो. समोरून येणारा चेंडू मात्र पुत्रासच खेळावा लागतो. शिवाय नावाबरोबर तुलनेचे ओझेही वारशाने येते. ते आपण इतरेजनच लादतो. वर्गात हजेरी घेताना “अमक्याचा मुलगा ना तू?” असे मीही सहज विचारीत आलो आहे, आता तो प्रश्न आवरता घेणे बरे, असे वाटते.

विद्यार्थी मित्रहो, हिवरा आश्रमाच्या परिसरात वडिलांच्या तिफणीमागे तुमच्यापैकी अनेकजण चालले असतील. शेत वारशाने मिळते. पेरणी मात्र दर मृगास नव्यानेच करावी लागते.