पेटीचा कोपरा का निखळतो?

शाळेत असताना प्रदर्शनासाठी मी सूचिछिद्र कॅमेऱ्याची लाकडी पेटी बनविली होती. चार फळ्या काटकोनात भिडवून सरस लावला, वर खिळे ठोकले. मांडणी चालू असतानाच एक कोपरा उघडला, आत प्रकाश शिरला आणि पडद्यावरचे चित्र गेले. खिळे बारीक पडले, अशी माझी समजूत झाली. पण दोष जोडाचा होता.

लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळीच. फळीच्या कापलेल्या टोकाशी नळ्यांची तोंडे उघडी असतात. तेथे लावलेला सरस आत शोषला जातो व जोडावर थोडाच उरतो. टोकात ठोकलेला खिळा तंतूंना समांतर जातो. तंतू त्याला घट्ट धरीत नाहीत. त्यात तरफेची भर! १२ मि.मी. जाडीची फळी कोपऱ्यापासून २४० मि.मी. अंतरावर बाहेर ओढली, तर जोडावर ढोबळमानाने वीसपट बल येते.

आता दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून पाहा. तसाच बोटांचा सांधा असतो. १०० मि.मी. उंचीच्या कोपऱ्यात १० मि.मी. रुंदीची दहा बोटे घेतली, तर त्यांच्यामध्ये नऊ पृष्ठभाग येतात. प्रत्येक १२ × १२ = १४४ चौ. मि.मी.; एकूण १२९६. माझ्या साध्या जोडाचे होते १२००. म्हणजे फारसे वाढले नाही की! खरे आहे; पण हे पृष्ठभाग तंतूंच्या बाजूचे आहेत, तोंडांचे नव्हेत. तेथे सरस उत्तम धरतो. बोटे ५ मि.मी.ची केली, तर पृष्ठभाग १९ आणि क्षेत्रफळ २७३६ चौ. मि.मी. होते.

टेबलाचा खण मात्र रोज पुढे ओढला जातो. म्हणून कसबी सुतार त्याच्या बाजूच्या फळ्यांची बोटे टोकाशी रुंद, कबुतराच्या शेपटीसारखी कापतो. ती पुढे ओढून निघत नाहीत. तसबिरीच्या चौकटीसारखा ४५ अंशांचा जोड दिसतो सुरेख, पण पेटीसाठी मी तो निवडणार नाही. तंतूंची तोंडे दोन्हीकडे येतात.

मग कॅमेऱ्यासाठी? एका फळीच्या कडेला अर्ध्या जाडीची खाच पाडून दुसरी तीत बसवावी. बोटांइतकी ती मजबूत नाही, पण करवत व पटाशी एवढ्यावर जमते. शिवाय प्रकाश सरळ रेषेत जातो. फट राहिली तरी खाचेची पायरी त्याला अडविते. पायरीला आतून काळा रंग द्या.

सरस ओला असतानाच पेटीचे दोन्ही कर्ण मोजा. एक लांब भरला, तर त्याचे कोपरे हलकेच दाबून दोन्ही सारखे करा आणि पेटी सुतळीने आवळून रात्रभर ठेवा.