रिंगणातला चेंडू

माझी भाची न्यू जर्सीला असते. तिची कुत्री ‘अ‍ॅजिलिटी’ स्पर्धेत धावते. ठरलेल्या क्रमाने उड्या, बोगदा, उभ्या काठ्यांमधून नागमोडी वाट. मालकाने सोबत धावत हाताने नि आवाजाने दाखवायचे. १९७८ साली लंडनच्या क्रफ्ट्स प्रदर्शनात मधला वेळ भरायला हा खेळ झाला आणि पुढे जगभर पसरला.

एकदा तिचा फोन आला. ‘‘मामू, आज पैसे भरून मुद्दाम गुण सोडले.’’ मला वाटले, पोरीचे डोके फिरले!

नियम असा, की रिंगणात खाऊ किंवा खेळणे न्यायचे नाही. हातात चेंडू असला की कुत्रा अडथळे सोडून चेंडूच बघतो. खाऊ सांडला तर मागून येणाऱ्याचे नाक जमिनीलाच चिकटते. पण कुत्रा हिशेबी. सरावात चेंडू मिळतो, रिंगणात नाही, हे त्याला चार स्पर्धांत कळते. भाचीची कुत्री अर्ध्यातूनच बाहेर पडू लागली होती.

यावर अमेरिकन केनेल क्लबने एक वाट ठेवली आहे. धावण्याआधी पंचाला सांगायचे, ‘ही धाव फक्त प्रदर्शनासाठी.’ मग एक खेळणे नेता येते, मात्र आवाज न करणारे. नाहीतर शेजारच्या रिंगणातले कुत्रे कान टवकारणार. खाऊ तरीही नाही. गुणही नाहीत. भाचीने तेच केले. तिसऱ्या उडीला चेंडू दिला आणि हसत बाहेर आली.

आपल्या पोलिसांना हा हिशेब नवा नाही. १९९३च्या मुंबई स्फोटांनंतर तीन हजार किलोंहून अधिक स्फोटके हुडकणारा ‘झंजीर’ पुण्यात शिकला होता. वास सापडला की चेंडू, ही रीत श्वानपथकांत सर्रास चालते. आरडीएक्स म्हणजे काय, हे कुत्र्याला कुठे ठाऊक? त्याच्या लेखी ती चेंडूची जागा.

कसालला आमच्या अंगणातही एक कुत्रा होता. आमच्याकडे तो उंबऱ्याच्या आत येत नसे, पण बेड्यापासून पेपर पडवीपर्यंत आणून टाकी. मी बिस्कीट देई. वर्षभराने म्हटले, आता शिकलाय, रोज कशाला? आठवडाभर त्याने पेपर आणला, माझ्या हाताकडे पाहिले. नंतर बेड्याशीच बसून राही. मी त्याला आळशी म्हणत असे. भाचीचा फोन झाल्यावर तो शब्द मागे घ्यायचा होता, पण तोवर कुत्रा राहिला नव्हता.