जोडीदार जड जातो तेव्हा

ज्युदो, ब्राझिलियन जिउ-जित्सू किंवा कुस्ती एकट्याने शिकता येत नाही. पळायला बूट पुरतात, जिममध्ये वजनं पुरतात, इथे मात्र दुसरं माणूस लागतं. ते नुसतं समोर उभं राहूनही भागत नाही. आपला हात, मान, गुडघा काही मिनिटांसाठी त्याच्या हवाली करावा लागतो, आणि त्याचा आपल्या.

परदेशी विद्यापीठात आल्यावर आपल्यातले बरेच जण पहिल्याच टर्ममध्ये असा एखादा क्लब जॉइन करतात. फी कमी असते, ओळखी होतात, लॅबमधून वेळेवर बाहेर पडायला निमित्त मिळतं. मधेच सोडणारेही बरेच असतात. मी दहाएक वर्षं ज्युदो करते आहे. सोडून गेलेल्यांकडून ‘खेळ आवडला नाही’ असं मी क्वचितच ऐकलंय. बहुतेक वेळा कारण एखादं माणूस असतं: ‘त्याच्याबरोबर पुन्हा जोडी लागेल म्हणून जायलाच नको वाटायचं.’ हा लेख त्या माणसाबद्दल आहे. तो असा का वागतो, त्याला काय सांगायचं, आणि कधी काहीच न सांगता बाजूला व्हायचं.

मुळातला करार

जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही ज्युदोची शाळा सुरू केली. जुन्या जुजुत्सूमधले धोकादायक प्रकार त्यांनी मोकळ्या सरावातून, म्हणजे ‘रांदोरी’तून, काढून टाकले. ठोसे-लाथांसारखे प्रकार आधी ठरवून क्रमाने करायच्या ‘काता’मध्ये ठेवले. ऐकायला वाटतं की त्यांनी विद्या मवाळ केली. परिणाम उलटा झाला. जे उरलं ते विरोध करणाऱ्या माणसावर, पूर्ण जोराने, रोज करता यायला लागलं. डोळ्यात बोट घालण्याचा खराखुरा सराव कसा करणार? खांद्यावरून फेकण्याचा करता येतो, कारण फेकलेला माणूस उठतो आणि पुन्हा समोर उभा राहतो.

हे सगळं एका करारावर चालतं. फेकणारा ‘तोरी’, पडणारा ‘उके’. उके आपलं शरीर देतो. तोरी त्याला फेकताना बाही धरून ठेवतो, म्हणजे पडणाऱ्याला नीट पडता येतं. मग भूमिका बदलतात. कानोंनी पुढे ‘जिता क्योएई’, म्हणजे आपलं आणि दुसऱ्याचं मिळून भलं, हे ज्युदोचं तत्त्व म्हणून मांडलं. त्यात साधा व्यवहारही आहे: आज जोडीदाराचा खांदा मोडला तर उद्या सराव कुणाबरोबर करणार?

मग करार बिघडतो कुठे?

२००३ मध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या संशोधकांनी ‘सायन्स’ या नियतकालिकात एक छोटा, गमतीशीर प्रयोग छापला. दोन माणसांनी आळीपाळीने एकमेकांच्या बोटावर दाब द्यायचा. सूचना एकच: तुला जेवढा दाब मिळाला तेवढाच परत दे. समोरच्याला काय सांगितलंय हे दोघांनाही माहीत नव्हतं. तरी दर पाळीला दाब सरासरी ३८ टक्क्यांनी वाढत गेला. हा वेग टिकला तर चार पाळ्यांत साडेतीनपट होतो. आणि दोघंही प्रामाणिकपणे म्हणत राहतात, ‘मी तर तेवढाच दिला, वाढवला तो त्याने.’

कारण मेंदूत आहे. आपण स्वतः केलेल्या हालचालीची संवेदना मेंदूला आधीच अपेक्षित असते, म्हणून तो तिचा आवाज कमी करतो. स्वतःच स्वतःला गुदगुल्या का होत नाहीत, याचंही हेच स्पष्टीकरण दिलं जातं. बाहेरून आलेला जोर मात्र पूर्ण जाणवतो. म्हणजे आपला धक्का आपल्याला नेहमीच हलका वाटणार.

आता दोन बोटांच्या जागी ऐंशी किलोचा पोरगा आणि पंचावन्न किलोची मुलगी ठेवा, वर घाई आणि थोडी भीती घाला. तो तुम्हाला आडदांड वाटतो, आणि त्याच क्षणी त्याला वाटत असतं की तुम्हीच आज पेटलाय. जड जाणारे बहुतेक जोडीदार असे घडतात. त्यांच्या मनात खोट असतेच असं नाही.

यातून एक कामाची गोष्ट निघते. ‘जरा हळू’ किंवा ‘पन्नास टक्के जोर लाव’ या सूचना फारशा चालत नाहीत, कारण त्याचे पन्नास टक्के मोजायला त्याच्याकडे काटाच नाही. जोराला जोराने उत्तर दिलं तर काय होतं ते वर आलंच आहे. म्हणून डोळ्यांना दिसेल किंवा तोंडाने मोजता येईल असं काहीतरी मागावं.

तीन नेहमीचे नमुने

पहिला आडदांड. हा बहुधा नवखा असतो, घाबरलेला असतो आणि श्वास धरून खेळतो. त्याला सुरू करण्याआधीच सांगा: ‘उभ्याने नको, आज जमिनीवर खेळू. कुलूप लागलं की तीन मोजून मग ताण दे.’ तीन मोजणं दोघांनाही ऐकू येतं.

दुसरा दगड. कोचनी एक फेक दाखवलेली असते, तुम्ही तीच करणार हे त्याला ठाऊक असतं, आणि तो तीच अडवत बसतो. फुटलेल्या पेपरात पहिलं येण्यासारखं आहे हे. पण चिडू नका. खूपदा त्याला वाटत असतं की विरोध केला नाही तर तुमचं नुकसान होईल. आकडा ठरवा: ‘आधी दहा वेळा जाऊ दे, मग पाच वेळा अडव.’ त्या पाच वेळांत तो तुमचा सगळ्यात चांगला शिक्षक ठरू शकतो.

तिसरा मास्तर. तुमच्या प्रत्येक प्रयत्नानंतर थांबवून भाषण देणारा, आणि स्वतःचा पट्टा तुमच्यापेक्षा एकच रंग वरचा. मुलींच्या वाट्याला हा जरा जास्तच येतो. याला: ‘आधी पाच वेळा करून बघते, मग एकच गोष्ट सांग.’ सांगण्याची हौसही भागते आणि तुमचा सरावही होतो.

जिथे समजून घेणं संपतं

पण प्रत्येक गोष्ट गैरसमज नसते.

टॅप म्हणजे विनंती नाही, ती सूचना आहे. जोडीदाराच्या अंगावर किंवा मॅटवर दोनदा थोपटलं, हात अडकलेत म्हणून पाय आपटला, किंवा तोंडाने ‘माइत्ता’ किंवा नुसतं ‘टॅप’ म्हटलं, की सोडायचं. ज्युदोच्या स्पर्धेत सांध्याचं कुलूप फक्त कोपराला लावता येतं, आणि तिथे ताण आणि दुखापत यांत फार थोडं अंतर असतं. जिउ-जित्सूमधल्या हील हूकमध्ये टाच पिरगाळली जाते आणि इजा गुडघ्याला होते. वेदना जाणवेपर्यंत उशीर झालेला असू शकतो, म्हणून अनेक क्लब नवख्यांना तो लावू देत नाहीत. टॅपनंतरचा अर्धा सेकंदसुद्धा म्हणूनच महाग असतो.

पहिल्यांदा झालं तर ‘जाणवलं नसेल’ असं धरा आणि स्पष्ट सांगा: ‘मी टॅप केला होता.’ पुढच्या वेळी अंगावर जोरात थोपटा आणि तोंडानेही म्हणा. त्यानंतरही धरून ठेवलं, तर मेंदूचं कुठलंच स्पष्टीकरण पुरत नाही. थांबा, वाकून नमस्कार करा, मॅटच्या कडेला जा आणि कोचना सांगा. माझ्या एका जुन्या क्लबात एक ब्लॅक बेल्ट गळ्याची पकड टॅपनंतरही हसत धरून ठेवायचा. दोनदा झाल्यावर मी कोचना सांगितलं, ‘याच्याबरोबर मी खेळणार नाही, हा टॅपवर सोडत नाही.’ ‘अगं, तो सगळ्यांशीच तसा आहे,’ या अर्थाचं उत्तर आलं. अशा उत्तरानंतर प्रश्न त्या माणसापुरता राहत नाही, क्लबचाच होतो. मी क्लब बदलला.

स्पर्शाचंही तसंच. या खेळात छातीला छाती लागते, मांडीखालून हात जातो, ते डावाचा भाग आहे. डाव संपल्यावर हात तिथेच राहिला, डावाशी संबंध नसताना तिथे गेला, किंवा वर एखादी कॉमेंट आली, तर तो डाव नव्हे. ब्रिटनमधल्या ज्युदो क्लबांत यासाठी वेल्फेअर ऑफिसर असतात. नाव बहुधा नोटिस बोर्डावर किंवा वेबसाइटवर असतं. गरज पडायच्या आधीच बघून ठेवा. तक्रार करायला ‘खात्री’ लागत नाही. काय घडलं, कधी घडलं, एवढं सांगितलं तरी पुरतं.

आपल्याला ‘नको’ म्हणणं का जड जातं

आपल्याकडच्या तालमीत कोणी कुणाशी लढायचं हे वस्ताद ठरवतात. वजन, वय, ताकद बघून तेच जोड लावतात, आणि जास्त झालं तर तेच थांबवतात. इथल्या क्लबात कोच टाळी वाजवून ‘ग्रॅब अ पार्टनर’ म्हणतात आणि चाळीस अनोळखी माणसं एकमेकांकडे बघायला लागतात. वस्तादांचं अर्धं काम इथे तुमच्यावर आलेलं असतं, आणि ते कुणी तसं सांगितलेलं नसतं.

त्यात आपण वाढलो ते ‘मोठ्यांना नाही म्हणू नये’ ऐकत. समोर ब्लॅक बेल्ट म्हणजे मोठं माणूस. शिवाय परक्या देशात आपणच नवे, उगाच वाईटपणा कशाला? पण भीड भिकेची बहीण, ही म्हण आपलीच आहे. भिडेपोटी दिलेला हात सहा आठवडे गळ्यात बांधून फिरावा लागला, तर पिपेट कोण धरणार, थीसिस कोण टाइप करणार? ‘आज नको, थँक्स’ एवढं पुरतं. कारण द्यावंच लागत नाही, आणि चांगल्या क्लबात ते कुणी विचारतही नाही.

शेवटी त्या लंडनच्या प्रयोगाची दुसरी बाजू. आपला जोर आपल्याला हलका वाटतो हे जर खरं असेल, तर कुणासाठी तरी आपणही जड जोडीदार असणारच, आणि ते आपल्याला आतून कळणार नाही. त्यामुळे विचारावं लागतं. फेरी संपल्यावर, विशेषतः नवख्याला किंवा वजनाने हलक्या जोडीदाराला, एक प्रश्न: ‘जोर जास्त झाला का?’ आणि उत्तर ‘थोडासा’ असं आलं, तर तो जास्तच होता असं समजा. भिडस्त काही फक्त आपणच नसतो.