वस्तीची सामूहिक बाग: पाणी कुणाचे, शेणाची पाटी कुणाच्या डोक्यावर?

जामखेडसारख्या गावात 'सामूहिक बाग' म्हटले की अनेक तरुणांना ते पुण्या-मुंबईच्या सोसायट्यांचे फॅड वाटते. प्रत्यक्षात गोष्ट साधी आहे. विहाराच्या आवारातला एखादा गुंठा, कॉलनीतली खुली जागा किंवा शाळेमागची पडीक पट्टी दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून कसायची आणि आलेली भाजी वाटून घ्यायची. आपल्यातल्या कित्येकांच्या घरी शेत नाही. मेथीची जुडीसुद्धा बाजारातूनच आणावी लागते. अशी बाग जवळपास उभी राहत असेल तर तिच्यात जरूर जावे. मात्र नाव नोंदवण्याआधी काही गोष्टी विचारून घ्याव्यात.

सर्वांत आधी पाण्याची. आपला तालुका अवर्षणग्रस्त, आणि पाण्याच्या जागेला इथे जात चिकटलेली आहे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी 1970 मध्ये जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. पाठोपाठ मोठा दुष्काळ पडला. गावोगावी बोअर घ्यायची वेळ आली तेव्हा त्यांनी हातपंप दलित वस्तीत बसतील असे पाहिले. ज्यांच्या विहिरीवर आपल्या आया-आज्यांना पाय ठेवता येत नव्हता, त्या घरच्या बायका घागर घेऊन आपल्या वस्तीत येऊ लागल्या. महाडच्या सत्याग्रहाला तेव्हा चाळीसहून अधिक वर्षे झाली होती, हे इथे विसरू नये. याच प्रकल्पातल्या गावच्या आरोग्यसेविकांनी, ज्यांत दलित आणि निरक्षर बायाही होत्या, शोषखड्डे आणि परसबागा घरोघरी नेल्या.

म्हणून बागेचा नळ कुठे आहे, कुलपाची चावी कुणाकडे राहते आणि पाण्याची पाळी कोण ठरवते, हे स्पष्ट विचारा. सार्वजनिक नळ, विहीर किंवा तलाव वापरण्यापासून अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा 2015 च्या दुरुस्तीनंतर अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. उन्हाळ्यात टँकर सुरू झाला की पिण्याचे पाणी बागेला घालायचे नाही, हेही आधीच ठरलेले बरे. तेव्हा पालेभाज्या बंद ठेवाव्यात आणि शेवगा, लिंबू, कढीपत्ता तेवढे आंघोळीच्या पाण्यावर जगवावेत.

दुसरी गोष्ट कामाची, आणि बागा मोडतात त्या बहुधा इथेच. मिश्र वस्तीतल्या बागेत खताचा खड्डा उपसणे, शेणाची पाटी वाहणे, तुंबलेली मोरी काढणे ही कामे कुणी न सांगताच आपल्या पोरांकडे येतात, आणि बियाणे निवडणे, हिशेब ठेवणे दुसऱ्यांकडे जाते. बाबासाहेबांनी जातीला श्रमिकांची विभागणी म्हटले, ती चार वाफ्यांतही दिसते. उपाय एकच: सगळी कामे वहीत लिहायची आणि आठवड्याच्या पाळीने फिरवायची. खताची पाळी नाकारणारे कुटुंब असेल तर तिथे मी तरी सामील होणार नाही. आपल्या स्वतःच्या विहारातही हीच वही लागते. नाहीतर कमिटीतले पुरुष बैठक घेतात, फोटो काढतात आणि उपासिका रोज पाणी घालतात.

जागेचा कागद पाहायचा कंटाळा करू नका. खुली जागा नगरपरिषदेची असेल तर लेखी परवानगी घ्या. विहाराची असेल तर ट्रस्टचा ठराव असू द्या. गायरानावर परस्पर वाफे पाडू नयेत. सर्वोच्च न्यायालयाच्या 2011 च्या जगपाल सिंह निकालानंतर तिथले अतिक्रमण सहसा नियमित होत नाही. (त्याच निकालात भूमिहीन आणि अनुसूचित जाती-जमातींना सरकारने दिलेल्या पट्ट्यांचा अपवाद आहे, जुन्या गायरानधारकांनी तो वकिलाला जरूर दाखवावा.)

बियाणे देशी घ्या, म्हणजे पुढच्या वर्षी विकत आणावे लागत नाही. आपल्याच जिल्ह्यात, अकोले तालुक्यातल्या कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी शाळेत न जाता गावठी वाणांची बँक उभी केली आणि त्यांना पद्मश्री मिळाली.

धम्माचा आणि बागेचा संबंध ओढूनताणून जोडावा लागत नाही. बिंबिसाराने संघाला वेळुवन दिले, अनाथपिंडिकाने जेतवन विकत घेऊन दिले, आम्रपालीने आपली आमराई दिली. संयुत्त निकायातल्या वनरोप सुत्तात बाग लावणारा आणि पाणपोई घालणारा एकाच ओळीत बसवला आहे. अशोकाने रस्त्याकडेला वड आणि आमराया लावल्या, विहिरी खोदल्या, आणि हे सारे शिलालेखांत नोंदवून ठेवले.

सुरुवात कधी करावी? आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू होतो. विहारात संध्याकाळी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाच्या वाचनाला माणसे जमतात. त्यांना अर्धा तास आधी बोलवा. पावसाची ओल असते, गवार, भेंडी, दोडका, भोपळा टोकता येतो. वेलांना कुंपणाकडेची जागा द्या, मधले वाफे मोकळे राहतील. आश्विन पौर्णिमेला वर्षावासाची सांगता होईल तेव्हा गवार-भेंडीचे तोडे होऊन गेलेले असतील आणि त्याच वाफ्यांत मेथी, पालक, कोथिंबीर पेरता येईल. सांगतेच्या भोजनदानाची भाजी बागेतून काढावी, आणि त्या दिवशी खताची पाळी कुणाची आहे ते वहीत पाहून घ्यावे.