रंग उडालेला मासा

‘त्याचा रंगच उडाला’ असे आपण घाबरलेल्या माणसाबद्दल म्हणतो. समुद्री माशाबाबत ते शब्दशः खरे आहे. मात्र माशाचा रंग भीतीने बदलतो तसाच झोपेने, वयाने आणि आजारानेही बदलतो. टाकीतला मासा फिका दिसला की औषधाची बाटली उघडण्याआधी यातले नेमके काय झाले ते ओळखावे लागते. चुकीचे औषध आजाराच्या आधी मासा मारू शकते.

मरीन ड्राइव्हवरच्या तारापोरवाला मत्स्यालयाने १९५१पासून मुंबईकरांना प्रवाळमासे दाखवले. पुढे हे मासे क्रॉफर्ड मार्केटच्या दुकानांतून पिशवीत बसून, लोकलने ठाकुर्ली-डोंबिवलीच्या दिवाणखान्यापर्यंत आले. इथे खाडी जवळ असली तरी तिचे पाणी टाकीत चालत नाही. नळाचे पाणी शुद्ध करून त्यात समुद्री मीठ विरघळवावे लागते. मी मत्स्यशास्त्राचा पदवीधर नाही. पुस्तके वाचून आणि परिसरातल्या टाक्यांसमोर वही घेऊन बसून जे कळले ते मांडतो.

माशाच्या त्वचेत रंगपेशी असतात. काळ्या, पिवळ्या, तांबड्या रंगाचे कण त्या पेशींत एकवटले की मासा फिका पडतो, पसरले की गडद होतो. हे काही मिनिटांत घडते. निळा रंग तर बहुतेक माशांत रंगद्रव्याचा नसतोच. पेशींतल्या सूक्ष्म स्फटिकांवरून परतणाऱ्या प्रकाशाचा तो खेळ असतो. रात्री दिवे मालवल्यावर निळा सर्जनफिश फिकट होतो, सकाळी पुन्हा निळा दिसतो. काही क्लाउनफिश विशिष्ट समुद्रफुलात राहू लागले की काळवंडतात. यांना औषध लागत नाही.

म्हणून पहिला प्रश्न असा: रंग आतून बदलला आहे, की रंगावर काहीतरी बसले आहे? बाजूने टॉर्च धरून पाहावे. आतून बदललेला रंग त्वचेशी सपाट असतो. सगळेच मासे एकदम गडद किंवा फिके झाले, धापा टाकू लागले, तर संशय पाण्यावर घ्यावा. वीज जाऊन पंप बंद पडला होता का, अमोनिया वाढला का, हे आधी तपासावे.

रंगावर काही बसले असेल तर त्याचा आकार पाहावा. मिठाच्या कणांएवढे वेगवेगळे, उठावदार ठिपके बहुधा क्रिप्टोकॅरिऑन या परजीवीचे. पिठी भुरभुरावी तशी बारीक, सोनेरी झाक असलेली धूळ अमायलूडिनियमची. तो कल्ल्यांवर आघात करून दोन-तीन दिवसांत मासा नेऊ शकतो. क्लाउनफिशच्या अंगावर पांढुरका, सुटून येणारा चिकट थर दिसला तर ब्रुकलिनेला आठवावा. पंखांवर फ्लॉवरच्या तुऱ्यासारख्या गाठी असतील तर तो लिम्फोसिस्टिस विषाणू. त्यावर औषध नाही, बरेचदा तो आपोआप ओसरतो. डोके आणि कुशीच्या रेषेवर त्वचा झिजून खड्डे पडले असतील तर आहार आणि टाकीत वापरलेला कोळसा या दोन्हींचा विचार करावा.

हा फरक शब्दांचा नाही. तांबे पहिल्या दोन परजीवींना आवरते, ब्रुकलिनेलावर चालत नाही. त्याला फॉर्मॅलिन लागते, आणि तेही जपून मोजून. शिवाय तांबे प्रवाळ, शंख, खेकडे मारते, म्हणून उपचार वेगळ्या टाकीतच करावा. क्रिप्टोकॅरिऑनचे ठिपके काही दिवसांनी गळतात आणि मालक निश्चिंत होतो; पण परजीवी तळाशी कोश करून बसलेला असतो, त्यातून नवी पिल्ले बाहेर पडून पुन्हा माशाला चिकटतात. यासाठीच जाणते लोक मुख्य टाकी ७६ दिवस माशांविना ठेवतात.

मासळीबाजारात आपल्याकडे कल्ला उचलून ताजेपणा पाहतात. जिवंत माशाचा कल्ला उचलायचा नाही, त्याची उघडझाप मोजायची. डाग असूनही श्वास संथ असेल, मासा खात असेल, तर निरीक्षणाला वेळ आहे. श्वास जलद आणि तोंड पाण्याच्या झोताकडे असेल तर वेळ नाही. हे सर्जनफिश बहुतेक प्रवाळातूनच पकडून आणलेले असतात. निदान अंदाजाने केले तर त्याची किंमत समुद्राने आधीच मोजलेली असते. तेव्हा रोज दिवे लागल्यावर अर्ध्या तासाने, एकाच वेळी, मासा दोन्ही बाजूंनी पाहावा आणि तारीख घालून लिहावे. निरोगी दिवसांतला रंग लिहून ठेवलेला असला, तरच आजाराचा रंग ओळखता येतो.