माकडाची कवटी काय सांगते?

आमचे मंचेरियल गोदावरीच्या उत्तर तीरावर वसलेले आहे. माकडांचे येथे कोणास अप्रूप नाही. घरांच्या छपरांवर, आंब्याच्या झाडांवर, शाळेच्या आवारात ती रोजच भेटतात. परंतु प्राणिशास्त्राच्या ग्रंथांत आपल्या ह्या नदीस एक वेगळेच स्थान आहे. पश्चिमेस तापी व पूर्वेस गोदावरी ही माकडांच्या दोन जातींमधील सीमा होय, असे पूर्वीचे अभ्यासक मानीत. उत्तरेस ऱ्हीसस, म्हणजे मागील अंग तांबूस असलेले, आखूड शेपटीचे माकड. दक्षिणेस टोपी माकड, ज्याच्या डोक्यावरील केस टोपीसारखे बसतात व शेपटी लांब असते. ही सीमा आता पूर्वीसारखी राहिलेली नाही. ऱ्हीसस माकडे दक्षिणेकडे बरीच पसरली आहेत, असे २०११ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत दिसून आले. शिवाय काळ्या तोंडाचे वानर आहेतच.

ही निरनिराळी तोंडे पाहून मुले आम्हांस विचारतात, “सर, माकडाचे तोंड असे पुढे आलेले आणि वानराचे आखूड, असे का?” प्रश्न साधा आहे, पण उत्तरासाठी कवटीची घडण समजून घ्यावी लागते.

कवटीचे ढोबळ मानाने दोन भाग करता येतात. एक मेंदूची पेटी, दुसरा चेहरा. मेंदू लवकर वाढतो, म्हणून त्याची पेटीही लवकर पूर्ण होते. चेहऱ्याची वाढ मात्र दात येईपर्यंत व चावण्याचे स्नायू बळकट होईपर्यंत चालू राहते. म्हणूनच माकडाच्या पिल्लाचे डोके गोल व तोंड चपटे दिसते, आणि तेच पिल्लू मोठा नर झाले की तोंड लांबते, सुळे मोठे होतात. येथे जबडा, टाळू व दात हे आपापल्या मर्जीने वाढत नाहीत. दातांस जागा हवी, तर जबडा लांब हवा. जबडा लांबला, की टाळूही लांबते. पाने चावणाऱ्या वानराच्या जबड्याची घडण वेगळी, म्हणून त्याच्या सगळ्या तोंडाचीच ठेवण वेगळी.

एक माप वाढले असता दुसरेही वाढते, ह्यास सहसंबंध म्हणतात. वर्गातील मुलांची उंची व पावलांची लांबी मोजली, तर उंच मुलाचे पाऊल बहुधा लांबच निघेल. बहुधा म्हणावयाचे, कारण अपवाद असतातच. जे अवयव एकत्र काम करतात किंवा एकत्र वाढतात, त्यांचे सहसंबंध अधिक घट्ट असतात, हा विचार एव्हरेट ओल्सन व रॉबर्ट मिलर ह्या अमेरिकन शास्त्रज्ञांनी १९५८ साली ग्रंथरूपाने मांडला.

त्याचा पडताळा आपल्याच देशातील माकडांच्या वंशजांवर पाहावयास मिळाला. १९३८ साली हिंदुस्थानातून सुमारे ४०० ऱ्हीसस माकडे जहाजाने नेऊन पोर्टो रिकोजवळच्या कायो सांतियागो बेटावर सोडण्यात आली. पुढे तेथे कोणते पिल्लू कोणत्या मादीचे ह्याची नोंद ठेवली गेली व मेलेल्या माकडांचे सांगाडे जपण्यात आले. त्या कवट्या मोजून जेम्स चेव्हरुड यांनी १९८२ साली दाखविले, की एकत्र काम करणाऱ्या व एकत्र वाढणाऱ्या भागांची मापे एकमेकांशी अधिक बांधलेली असतात, आणि ही बांधणी काही अंशी वंशपरंपरेने येते.

आता कोणी म्हणेल, माकडाच्या कवटीशी आपणांस काय कर्तव्य? कर्तव्य आहे. चेहऱ्याची दहा मापे सारखीच बदललेली दिसली, म्हणजे दहा पुरावे मिळाले असे होत नाही. दहा साक्षीदार एकाच घरचे असतील, तर त्यांच्या साक्षीचे मोल दहा साक्षींइतके धरता येत नाही. मग एकाच मापावर निवाडा करणे तर दूरच राहिले.

परंतु माणसांच्या बाबतीत असा निवाडा झालेला आहे. १९०१ च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिस्ली यांनी नाकाची रुंदी व उंची ह्यांच्या प्रमाणावरून जातींची उच्चनीचता जुळवून दाखविण्याचा खटाटोप केला. नाक जितके रुंद तितकी जात खालची, असा त्यांचा दावा. मालवणात जन्मलेले व मुंबई विद्यापीठात समाजशास्त्र शिकविणारे गोविंद सदाशिव घुर्ये यांनी ही मापे पुन्हा तपासली आणि १९३२ साली आपल्या ग्रंथात दाखवून दिले, की उत्तर हिंदुस्थानाबाहेर हा मेळ बसत नाही.

आमच्या वर्गात सर्व घरांतील मुले एका बाकावर बसतात. कोणाचे नाक बसके, कोणाचे सरळ. कोणाचे कपाळ रुंद, कोणाचे अरुंद. त्यांवरून कोण गणितात हुशार निघेल, हे आम्हांस इतक्या वर्षांत कधी सांगता आलेले नाही. घरी कोणी मुलाच्या नाकाडोळ्यांवरून त्याची योग्यता ठरवू लागले, तर पालकांनी त्यांस ही माकडांच्या कवटीची गोष्ट अवश्य सांगावी.