नौकेंतील गाणें आणि बॅटरी

आमच्या जालन्याची कुंडलिका नौकाविहाराजोगी नव्हे. म्हणून गेल्या दिवाळींत मालवणास भाच्याच्या नौकेंत सहकुटुंब बसलों, तेव्हां मुलांच्या हौसेस सीमा राहिली नाहीं. दोन तास अखंड गाणीं वाजलीं, आणि परततांना इंजिनच सुरू होईना! बॅटरी रिती झाली होती. थोरल्या अक्का रामनाम घेत बसल्या. अखेर दुसऱ्या नौकेनें दोर लावून आम्हांस किनाऱ्यास आणिलें.

आमच्या मतें दोष खरेदीचा होता. ‘एबी’ वर्गाचा ॲम्प्लिफायर निम्म्याच्या आसपास वीज उष्णतेंत घालवितो. ‘डी’ वर्गाचा दहांतील सुमारें नऊ भाग कामीं लावितो. स्पीकरही ८७ ऐवजीं ९० डेसिबल संवेदनशीलतेचा घेतल्यास तितक्याच आवाजास निम्मी वीज पुरते. उघड्या समुद्रावर ध्वनि परतविणाऱ्या भिंती नसतात, म्हणून वॉटच्या मोठ्या आंकड्यास भुलण्याआधीं वाचकांनीं ही संख्या अवश्य विचारावी. कागदी पडदा खाऱ्या दमटपणानें कुजतो, तेव्हां पॉलिप्रॉपिलीनचा बरा. स्पीकरचें चुंबक होकायंत्रापासून दूर असावें, हें तर सांगणें नकोच.

इंजिनाची बॅटरी निराळी व गाण्याची निराळी ठेव, असें आम्हीं भाच्यास बजाविलें. तशी व्यवस्था केल्याचें त्याचें पत्र परवां आलें. अक्का मात्र अद्याप नौकेचें नांव काढूं देत नाहींत.